रंगवलेल्या पाट्या : कुंचल्यापासून फ्लेक्सपर्यंत

दुकाने, शाळा, देवस्थाने, वाहने आणि होड्या यांच्यावरील नावे हाताने रंगवणाऱ्या कारागिराला आपल्याकडे ‘पेंटर’ म्हणतात. हे बिरुद प्रतिष्ठेचे होते. कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री (१८९०–१९५४) चित्रपटसृष्टीत ‘बाबूराव पेंटर’ याच नावाने ओळखले गेले. पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन यांनीही उमेदवारीच्या काळात मुंबईत चित्रपटांचे फलक रंगवले.

गोव्यात पोर्तुगीज राजवटीत राज्यकारभाराची भाषा पोर्तुगीज असल्याने अधिकृत फलकांवर रोमन लिपीचे वर्चस्व होते. १९६१ मधील मुक्तीनंतर मराठी शाळांचा विस्तार झाला आणि देवनागरी पाट्यांचे कामही वाढले. एकाच पत्र्यावर दोन लिपी बसवणे ही पेंटरची खरी कसोटी असे. रोमन अक्षर तळरेषेवर उभे राहते, तर देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकते. त्याला मात्रा-वेलांट्यांसाठी वर आणि उकारांसाठी खाली जागा लागते.

पत्र्यावर प्रायमर व पार्श्वरंग चढवला की खडू लावलेली दोरी ताणून रेषा उमटवत. मग खडूने अक्षरे आखून ती इनॅमल रंगात भरत आणि शेवटी बाजूने ‘शेड’ देत. पेंटरच्या हातूनही चुका होत. परंतु अक्षर खडूत असतानाच ती पुसता येई.

गेल्या सुमारे तीन दशकांत आधी संगणकाने कापलेली ‘रेडियम’ अक्षरे आणि नंतर फ्लेक्स आले. काम काही तासांत व स्वस्तात होऊ लागले. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी सक्तीची झाली आणि वाहनांचे क्रमांक रंगवण्याचे कामही आटले.

या बदलाची किंमत अक्षरांनी मोजली. जुन्या फाँटमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की जोडाक्षरे फुटतात, ‘कार्यालय’मधील रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो आणि फलक तसाच छापला जातो. फिकट झालेला पत्रा पुन्हा रंगवता येतो. फाटलेले फ्लेक्स मात्र कचऱ्यात जाते. ते पीव्हीसीचे असल्याने कुजत नाही. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलकांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे.

वडोदऱ्यात कलाशिक्षण घेतलेले हनीफ कुरेशी यांनी पेंटरांच्या अक्षरशैली संगणकीय फाँटमध्ये जतन करण्याचा उपक्रम हाती घेतला होता. प्रत्येक पेंटरचे वळण निराळे असते आणि ते सहसा कोठेही नोंदलेले नसते. त्यामुळे जुनी पाटी खरवडण्यापूर्वी तिचे एक स्पष्ट छायाचित्र काढून ठेवले, तरी त्या गावाचे एक अक्षरवळण वाचेल.