कान, नाक आणि गाजर गवत

दिवाळीत ताईकडे बिद्रीला गेलो होतो. कारखान्याचा हंगाम तोंडावर आलेला, घरात फराळाची गडबड, आणि सहा वर्षांचा भाचा टीव्ही फुल आवाजात लावून बसलेला. चार वेळा सांगितलं, "आवाज कमी कर." पोरगं ढिम्म. पाचव्यांदा मी रिमोट हिसकावून घेतला आणि ओरडलो, "बहिरा आहेस का रे?"

महिन्याभराने ताईचा फोन आला. कोल्हापुरात डॉक्टरांना दाखवलं, दोन्ही कानांच्या पडद्यांमागे चिकट द्राव साचलाय. म्हणजे त्याला खरंच कमी ऐकू येत होतं! माझी काय अवस्था झाली ते सांगत नाही.

पण ताईला वेगळंच नवल वाटत होतं. "अरे, कान दाखवायला गेलो तर ते विचारतात, शिंका किती येतात?"

मग आपल्या इंजिनिअरी सवयीप्रमाणे वाचत बसलो. बग दिसतो एका मॉड्यूलमध्ये आणि असतो दुसऱ्याच, हे आपण रोज बघतो. इथेही तेच. नाकाच्या मागून मधल्या कानापर्यंत एक बारीक नळी जाते. रोममधला शरीरशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ युस्टाकी याने १५६४ साली छापलेल्या ग्रंथात तिचं नीट वर्णन केलं, म्हणून ती युस्टेशियन ट्यूब. आपण गिळतो, जांभई देतो तेव्हा ती उघडते आणि मधल्या कानात हवा जाते. अ‍ॅलर्जीने नाकातलं अस्तर सुजलं की या नळीचं तोंडही सुजू शकतं. हवा जायची बंद होते, आत असलेली हवा शोषली जाते, पडदा आत ओढला जातो आणि हळूहळू द्राव साचतो. असा पडदा नीट थरथरत नाही. मुलांची नळी आखूड आणि आडवी असते, त्यामुळे त्रास त्यांनाच जास्त. दुखत मात्र बहुधा नाही, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही.

अर्थात अ‍ॅलर्जी हे एकच कारण नव्हे. साधी सर्दी आणि नाकामागच्या वाढलेल्या गाठी, म्हणजे अ‍ॅडिनॉइड्स, यांनीही हेच होतं.

नळी सापडली, पण नाक का सुजतं हे कळायला आणखी तीन शतकं गेली. लंडनचे डॉक्टर जॉन बोस्टॉक यांनी १८१९ मध्ये स्वतःच्याच दर उन्हाळ्यातल्या सर्दीचं वर्णन केलं. मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःवर प्रयोग करून १८७३ मध्ये दाखवून दिलं की दोषी आहेत गवताचे पराग. 'अ‍ॅलर्जी' हा शब्द तर त्याहून नवा. तो व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये काढला.

भाच्याच्या चाचणीत दोन गोष्टी निघाल्या. एक घरातल्या धुळीतले सूक्ष्म किडे आणि दुसरं गाजर गवत. हो, तेच आपलं काँग्रेस गवत! बांधावर, रस्त्याकडेला, पांढऱ्या बारीक फुलांचं. मूळचं अमेरिका खंडातलं हे तण पुण्यात १९५५ मध्ये नजरेत भरलं आणि पुढच्या वर्षी त्याची शास्त्रीय नोंद छापून आली. बंगळूरच्या संशोधकांनी १९९१ मध्ये त्यांच्याकडच्या पाहणीवरून लिहिलं की सुमारे ७ टक्के लोकांना याच्या परागांमुळे नाकाची अ‍ॅलर्जी आहे.

लहानपणापासून ऐकत आलोय की हे गवत पीएल-४८० च्या अमेरिकन गव्हाबरोबर आलं. पण टाइमस्टँप जुळवून बघा. भारताचा तो करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये, आणि गवत त्याआधीच पुण्यात हजर! अमेरिकन गहू १९५१ च्या कर्जातूनही आला होता, त्यामुळे गव्हाला अगदी क्लीन चिट देता येत नाही. पण ज्या करारावर सगळे खापर फोडतात, तो तारखेत बसत नाही. समोर दिसेल त्याला दोषी धरायचं, आणि ओरडून मोकळं व्हायचं. मी तरी वेगळं काय केलं होतं?

असो. असा द्राव बऱ्याच मुलांत तीन महिन्यांत आपोआप जातो, म्हणून डॉक्टर आधी वाट बघतात. नाकाच्या अ‍ॅलर्जीवर उपचार करतात, पण नुसत्या अ‍ॅलर्जीच्या गोळीने कानातला द्राव जाईलच असं नाही. राहिलाच, तर पडद्यात बारीक नळी बसवतात. तिला ग्रोमेट म्हणतात, आणि १९५४ पासून ती चांगलीच रुळली आहे.

भाच्याला ती लागली नाही. गेल्या महिन्यात बिद्रीला गेलो तेव्हा त्याने मागच्या खोलीतून माझी हाक ऐकली आणि "काय रे मामा?" म्हणत पळत आला. मी त्याला सॉरी म्हटलं. कशाबद्दल, ते त्याच्या लक्षातही नव्हतं.

तुमच्या घरात कोणी मूल सारखं "काय?" "काय?" विचारत असेल, टीव्ही मोठा करत असेल, हाकेला ओ देत नसेल, तर ओरडायच्या आधी एकदा कान तपासून घ्या. आणि हो, नाक पण.