बोरोदिनोच्या रणात पांढरी हॅट

युद्धवर्णन म्हटले की आपल्या वाचकांस तुताऱ्यांचा नाद, घोडदौड आणि सेनापतीची करारी मुद्रा आठवते. लिओ टॉल्स्टॉय यांनी ‘युद्ध आणि शांती’ (१८६९) या कादंबरीत ही सवयच मोडली. सेव्हस्तोपोलच्या वेढ्यात (१८५४-५५) तोफखान्याचे अधिकारी म्हणून त्यांनी मरण जवळून पाहिले होते. शिवाय १८६७ मध्ये त्यांनी बोरोदिनोचे रणक्षेत्र स्वतः पायाखाली घातले. ७ सप्टेंबर १८१२ रोजी तेथे दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ७०,००० सैनिक ठार वा जायबंदी झाले.

हा संहार कादंबरीत दिसतो तो पांढरी हॅट घालून तोफांमध्ये भटकणाऱ्या, फारसे काही न उमगणाऱ्या प्येरच्या डोळ्यांनी. प्रिन्स आंद्रेची पलटण तर एकही गोळी न झाडता, उभ्या जागी माणसे गमावीत राहते. पुढे जखमींच्या तंबूत, ज्याच्यावर सूड उगवायचा त्या अनातोलचा पाय कापलेला पाहून घायाळ आंद्रेचा द्वेष वितळतो. रक्तामांसाचे हे तपशील गाळले असते, तर ती क्षमा पोकळ वाटली असती, असे आम्हांस वाटते. शेवटची इतिहासमीमांसेची लांबलचक प्रकरणे मात्र आम्हांसही जड गेली.