'कर्मणी' म्हणजे पॅसिव्ह नव्हे

'रामाने आंबा खाल्ला' आणि 'रामाने कैरी खाल्ली'. क्रियापद कर्माप्रमाणे बदललं, म्हणून शाळेत याला कर्मणी प्रयोग म्हणतात. आणि वागळे इस्टेटच्या कारखान्यात 'द मशीन वॉज रिपेअर्ड' अशी नोंद दिसली, तर तोही कर्मणीच! मग मराठी माध्यमातली मुलं साध्या 'राम एट अ मँगो'च्या जागी पॅसिव्ह लिहितात, यात नवल काय?

दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६चं. 'कर्मणी' ही संज्ञा मात्र संस्कृतातली. मराठी व्याकरणात ती रुळली आणि इंग्रजी शिकवताना पॅसिव्हलाही चिकटवली गेली. म्हणून मित्रांनो, संशोधनात आधी विचारा : ही संज्ञा कोणत्या भाषेसाठी घडली? विद्यार्थ्याला 'कच्चा' ठरवायचं ते त्यानंतर.