मोठे झाड हलवण्याची विद्या

वाढलेले झाड एका जागेवरून काढून दुसरीकडे लावायचे, तर खरी अडचण वजनाची नसते, तहानेची असते. झाडाला पाणी पुरवतात ती केसासारखी बारीक तंतुमुळे. जुन्या झाडाची ही मुळे बुंध्यापाशी नसतात. ती फांद्यांच्या घेराच्या कडेला, कधी त्याच्याही पलीकडे, जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांत पसरलेली असतात. बुंध्याभोवती खणून मुळांसकट मातीचा जो गोळा काढतात, ज्याला रोपवाटिकेत हुंडी म्हणतात, त्यात या मुळांचा फार थोडा वाटा येतो. वर पानांचा संसार तेवढाच राहतो आणि खाली पाणी भरणारी माणसे मात्र निम्म्याहून अधिक गेलेली असतात. ही तूट कशी भरून काढायची, याचाच हा सगळा इतिहास आहे.

मुळांसकट झाडे नेल्याची फार जुनी चित्रे इजिप्तमध्ये आहेत. इ.स.पू. पंधराव्या शतकात हात्शेप्सुत राणीने पुंत देशाला जहाजे धाडली आणि तिथून सुगंधी डिंकाची झाडे मागवली. देर अल-बहरी इथल्या तिच्या मंदिराच्या भिंतींवर, टोपलीत मुळे जपून ठेवलेली ही झाडे दांड्याला अडकवून माणसे खांद्यावरून नेताना कोरली आहेत. झाडे लहान आहेत, पण मुळांभोवतीची माती सुटू द्यायची नाही एवढे तेव्हाही पक्के ठाऊक होते.

सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. झाड हलवताना मुळापासून खोडापर्यंत तूप, वाळा, तीळ, मध, वावडिंग, दूध आणि शेण यांचा लेप द्यावा, असे तिथे सांगितले आहे. कोणते झाड कोणत्या ऋतूत लावावे तेही आहे: फांद्या न फुटलेले शिशिरात, फुटलेले हेमंतात, चांगले खोड धरलेले पावसाळ्याच्या तोंडाशी. लेपाने नेमके काय साधत असेल यावर वाद घालता येईल. पण त्याच ठिकाणी दिशेचा जो उल्लेख आहे, तो आजच्या माळ्यालाही पटेल. झाडाची जी बाजू ज्या दिशेला होती, ती नव्या जागीही त्याच दिशेला ठेवावी. वर्षानुवर्षे सावलीत राहिलेली साल एकदम दुपारच्या उन्हासमोर आली तर भाजते. आजही खणण्यापूर्वी खोडाच्या उत्तरेकडे रंगाचा पट्टा मारून ठेवतात.

युरोपात ही विद्या वाढली ती राजेरजवाड्यांच्या उतावीळपणातून. चौदाव्या लुईला बागा हव्या होत्या, पण झाड वाढण्याची वाट पाहायची नव्हती. मार्लीच्या राजवाड्यासाठी काँपिएन्यच्या जंगलातून आणि त्याहून लांबून पूर्ण वाढलेली झाडे आणली जात. त्यांतली तीन चतुर्थांशांहून अधिक मरत आणि त्यांच्या जागी लगेच दुसरी उभी केली जात, असे दरबारी सां-सिमों आठवणींत नोंदवतो. याला स्थलांतर म्हणण्यापेक्षा सजावट म्हणणे बरे. इंग्लंडमध्ये जॉन एव्हलिनने १६६४ सालच्या ‘सिल्वा’ या ग्रंथात जास्त विचारी युक्ती दिली: थंडी पडण्यापूर्वी झाडाभोवती चर खणून ठेवावा, हिवाळ्यात मातीचा गोळा गोठून दगड होऊ द्यावा आणि मग तो आख्खा उचलावा. पुढच्या शतकात केपेबिलिटी ब्राउन या उद्यानकाराच्या काळात दोन मोठी चाके, एक आस आणि लांब दांडा असे यंत्र वापरात आले. दांडा उभा करून खोडाला बांधायचा, मग खाली ओढायचा, की झाड आडवे होऊन मुळांसकट वर येते. तरफेचा साधा नियम.

यंत्र होते, पण झाडाचे डोके छाटून टाकायची रीत सर्रास होती. मुळे कमी झाली तर फांद्याही कमी कराव्यात, हा हिशेब वरवर बरोबर वाटतो. स्कॉटलंडमधल्या अॅलंटनच्या सर हेन्री स्ट्युअर्ट यांनी त्याला विरोध केला. पाने हीच झाडाची अन्न रांधायची जागा. ती काढून टाकली तर नवी मुळे वाढणार कशावर, असा त्यांचा मुद्दा होता. स्वतःच्या जमिनीवर त्यांनी फांद्यांचा पूर्ण पसारा राखून झाडे हलवली आणि १८२८ मध्ये ‘द प्लँटर्स गाइड’ हे पुस्तक काढले. त्याचे परीक्षण खुद्द वॉल्टर स्कॉटने लिहिले.

तोवर झाडे हलत होती ती हौसेसाठी. बांधकामाच्या वाटेत झाड आले म्हणून काय करायचे, हा प्रश्न लंडनमध्ये १८५१ च्या महाप्रदर्शनाने सगळ्यांसमोर आणला. हाइड पार्कमध्ये क्रिस्टल पॅलेस उभारायचा होता आणि त्या जागेत जुनी एल्म झाडे होती. ती तोडण्यावरून ओरड झाली. इमारतीचा आराखडा करणाऱ्या जोसेफ पॅक्स्टनने झाडांना हात न लावता इमारतीच्या मधोमध १०८ फूट उंचीचे काचेचे कमानदार छत घेतले आणि एल्म छताखाली उभेच राहिले. पुढे त्या कमानीचीच सर्वत्र वाहवा झाली.

झाड जागेवर ठेवणे अशक्यच असेल, तेव्हा इंग्लंडमध्ये नाव घेतले जाई ते विल्यम बॅरनचे. डर्बीशरमधल्या एल्व्हास्टन कॅसलच्या बागेचा तो १८३० पासून प्रमुख माळी होता. त्याची गाडी जुन्या यंत्राच्या उलट होती: झाड आडवे न पाडता दोन तुळयांच्या मधोमध उभेच टांगून न्यायची. उतारवयात, १८८० मध्ये, त्याच्याकडे डोव्हरजवळच्या बकलंड गावचे काम आले. तिथल्या चर्चची इमारत वाढवायची होती आणि भिंतीला जवळजवळ टेकून शेकडो वर्षांचा यू वृक्ष उभा होता. त्याचे खोड पोकळ, चिरफाळलेले. अशा झाडाला दोर लावून उचलले तर ते उभे फाटले असते. बॅरनने चारही बाजूंनी खोल चर खणून मातीचा चौकोनी ठोकळा मोकळा केला, फळ्या लावून तो आवळला, खालून पोखरत तुळया सरकवल्या आणि सगळे ओझे ओंडक्यांवर घेतले. मग साखळ्या आणि रहाट लावून ते इंचाइंचाने पुढे ओढले. वजन सुमारे ५५ टन, अंतर जेमतेम ६० फूट. झाड जगले, आणि आजही त्या चर्चच्या आवारात आहे.

जपानी माळ्यांनी याच प्रश्नाचे उत्तर यंत्रात न शोधता वेळेत शोधले. त्यांच्या पद्धतीला नेमावाशी म्हणतात; ‘ने’ म्हणजे मूळ आणि ‘मावाशी’ म्हणजे भोवती फिरणे. झाड हलवायच्या एक-दोन वर्षे आधी बुंध्याभोवती, त्याच्या व्यासाच्या चार-पाच पट रुंदीचा घेर आखून खणतात. बहुतेक मुळे तिथे साफ कापतात. झाड पडू नये म्हणून तीन-चार जाड मुळे ठेवतात, पण त्यांचीही साल विताएवढ्या पट्ट्यात गोल सोलतात. मग माती परत भरून झाडाला तसेच सोडतात. कापलेल्या टोकांतून आणि सोललेल्या कडांतून नव्या तंतुमुळांचे झुबके फुटतात, आणि फुटतात ते हुंडीच्या आतच. ठरलेला दिवस येतो तेव्हा झाडाने स्वतःचे सामान आधीच बांधून ठेवलेले असते. कोणताही मोठा निर्णय जाहीर करण्यापूर्वी संबंधितांशी आधी बोलून ठेवणे, यालाही जपानी कचेऱ्यांत आज नेमावाशीच म्हणतात.

आधी वेळ मिळाला नाही तर काय, हे मिबोरो धरणावर दिसले. गिफू प्रांतातल्या शो नदीवर हे दगडमातीचे धरण बांधायचे ठरले, तेव्हा बुडणाऱ्या गावांनी सुमारे सात वर्षे विरोध केला. १९५९ मध्ये विरोध समिती विसर्जित झाली. त्या वेळी आलेले, धरण बांधणाऱ्या वीज कंपनीचे पहिले अध्यक्ष तात्सुनोसुके ताकासाकी बुडिताखाली जाणारी जागा पाहत फिरले आणि कोरिन्जी मंदिराच्या आवारात चेरीच्या एका प्रचंड झाडापाशी थांबले. एवढे तरी वाचवता येईल का, असे त्यांनी चेरीचे जाणकार शिंतारो सासाबे यांना विचारले. जवळच्या शोरेन्जी मंदिरातही तसेच दुसरे झाड सापडले. दोन्ही सुमारे चारशे वर्षांची.

चेरी छाटतो तो मूर्ख, अशी जपानी म्हणच आहे, कारण कापल्या जागी ती सहज कुजते. तरीही मासामित्सु निवा या कसबी माळ्याने फांद्या मोठ्या प्रमाणावर कापल्या. स्ट्युअर्टच्या नेमके उलट, पण झाडांचा आकार आणि उरलेले दिवस पाहता दुसरा इलाज नव्हता. १९६० च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पस्तीस-चाळीस टनांचे एकेक झाड लोखंडी घसरगाडीवर चढवून बुलडोझरने सुमारे ६०० मीटर ओढत, पन्नासेक मीटर वर, जलाशयाच्या काठी नेण्यात आले. तिथे उभे राहिले ते नुसते चट्ट्यांचे खुंट. टीकाही भरपूर झाली. पुढच्या वसंतात त्या खुंटांना कोंब फुटले. विस्थापित गावकरी फुलांच्या दिवसांत त्या झाडांखाली जमू लागले. नागोया ते कानाझावा या बसमार्गावरचा एक वाहक, र्योजी सातो, हे पाहून इतका भारला की त्याने त्या मार्गाकडेला चेरीची सुमारे दोन हजार रोपे लावली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रेन आली आणि उचलण्याचे काम सोपे झाले; मग कायदे आणि मानके यांचा भाग सुरू होतो. बांधकामावरच्या झाडांसाठी ब्रिटनने १९८० मध्ये पहिले मानक काढले. त्याच्या सध्याच्या रूपात खोडाच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येच्या वर्तुळात खणणे, सिमेंट-वाळूचे ढीग, गाड्यांची ये-जा, सगळे बंद. कुऱ्हाड न लावताही झाड मरते: डंपरच्या फेऱ्यांनी माती दाबली गेली की मुळांना हवा मिळत नाही.

महाराष्ट्रात शहरी झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. त्याखाली वृक्ष प्राधिकरणे आली आणि परवानगीशिवाय झाड तोडणे गुन्हा ठरले. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून जुन्या झाडाला ‘प्राचीन वृक्ष’ हा दर्जा दिला, आणि तोडलेल्या झाडाचे वय जेवढी वर्षे तेवढी नवी झाडे लावण्याचे बंधन घातले. दिल्लीने २०२० च्या धोरणात प्रकल्पबाधित झाडांपैकी ८० टक्के झाडे हलवण्याची आणि त्यांतली ८० टक्के एका वर्षानंतर जिवंत असण्याची अट घातली.

वड, पिंपळ, उंबर ही मंडळी या कामात सोशिक. जाड फांदी रोवली तरी मूळ धरतात. सोटमुळावर उभ्या असलेल्या आंबा-फणसाचे तसे नाही. शिवाय मोठे झाड साठवलेल्या अन्नावर काही काळ हिरवे राहते, त्यामुळे पहिल्या वर्षाची पालवी हा पुरावा नव्हे. समशीतोष्ण देशांतल्या वृक्षतज्ज्ञांचा ठोकताळा असा, की खोडाच्या व्यासाच्या दर इंचाला मुळांचा पसारा भरून यायला साधारण एक वर्ष लागते. तोवर आळ्यात पाणी, बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन आणि वाऱ्याने हुंडी हलू नये म्हणून तिन्ही बाजूंनी ताण द्यावे लागतात.