दोन टिंबांची आडवाट

मीरा-भाईंदरच्या हद्दीत घोडबंदर रस्ता जेथे महामार्गाला मिळतो, तेथे न्हावा-शेव्याहून गुजरातकडे निघालेले कंटेनर सतत दिसतात. पेटीत काय आहे याच्याशी चालकाला कर्तव्य नसते. पेटी बंद असली म्हणजे झाले. २०१३ साली ‘डॉकर’ आले तेव्हा संगणकवाल्यांनी हीच उपमा उचलली. संगणक एक, पण त्यावरील प्रत्येक प्रोग्राम स्वतंत्र पेटीत. ही पेटी मात्र पोलादाची नसून नियमांची असते.

तिला पडणाऱ्या एका भोकाचे मूळ ‘युनिक्स’मध्ये आहे. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९६९पासून घडवलेल्या या प्रणालीत फाइली कप्प्यांत राहतात, कप्प्यात आणखी कप्पे. पत्त्यात ‘..’ अशी दोन टिंबे आली की अर्थ होतो: एक कप्पा बाहेर जा. सोय उत्तमच! पण शिपायाला चिठ्ठी मिळाली, ‘सातवीचे कपाट, तेथून बाहेर, पुन्हा बाहेर, मुख्याध्यापकांची खोली, प्रश्नपत्रिका’, आणि त्याने ‘सातवीचे कपाट’ एवढेच वाचून परवानगी दिली, तर? २००१ साली ‘निमडा’ या विषाणूने मायक्रोसॉफ्टच्या वेब-सर्व्हरमध्ये शिरताना ही आडवाटही वापरली होती.

डॉकरमध्ये असा दोष २०१४ साली सापडला व दुरुस्त झाला. ‘कुबरनेटिस’ची कथा अधिक बोधक आहे. असे हजारो कंटेनर सांभाळणाऱ्या या व्यवस्थेत, पेटीतून फाइल बाहेर काढण्याची एक आज्ञा आहे. ती पेटीतल्याच ‘टार’ या प्रोग्रामला गठ्ठा बांधायला सांगते. म्हणजे ज्याच्यावर संशय घ्यायचा, त्याच्याकडूनच पत्ते लिहून घ्यायचे! कोणी तो टार बदलला, की गठ्ठा व्यवस्थापकाच्या स्वतःच्या संगणकावर भलत्याच जागी उलगडतो आणि त्याच्या फाइली पुसून तेथे नव्या बसवतो. त्या संगणकावर सर्व पेट्यांच्या किल्ल्या असू शकतात.

मार्च २०१८मध्ये हा दोष जाहीर झाला. टिंबे तपासली जाऊ लागली. मार्च २०१९मध्ये कळले, की दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी ‘सांकेतिक जोडणी’ गठ्ठ्यात घातली तर टिंबांची गरजच नाही. ती दुरुस्तीही अपुरी ठरली, जूनमध्ये एकदा आणि ऑगस्टमध्ये पुन्हा. अखेर पेटीतून अशा जोडण्या बाहेर आणणेच त्या आज्ञेने बंद केले.