तळटीप : वणीचा कोळसा आणि खाणीतला वायू

वणीचा कोळसा : लेखकाने कोळशाला सरसकट ‘हायड्रोकार्बन’ म्हटले आहे. काटेकोरपणे ते बरोबर नाही. हायड्रोकार्बनमध्ये फक्त कार्बन आणि हायड्रोजन असतात; दगडी कोळशात ऑक्सिजन, नायट्रोजन, गंधक आणि राखही असते. वणी, राजूर भागातला हा कोळसा गोंडवन खडकांतला, पंचवीस कोटी वर्षांहून जुना. वनस्पती गाळाखाली दाबल्या गेल्या, तापल्या, आणि त्या घडणीत मिथेन सुटला. तो मात्र शुद्ध हायड्रोकार्बन, सगळ्यांत साधा : एका कार्बनला चार हायड्रोजन. साखळीत एकेक कार्बन वाढवत गेले की इथेन, प्रोपेन, ब्युटेन मिळतात (स्वयंपाकाच्या सिलिंडरात शेवटचे दोन असतात). साखळी लांबली की उत्कलनबिंदू चढतो. म्हणून मिथेन वायू, रॉकेल द्रव आणि मेण घन.

मिथेनला रंग नाही, वास नाही. हवेपेक्षा हलका असल्याने तो भूमिगत खाणीत छताशी साठतो आणि हवेत त्याचे प्रमाण सुमारे ५ ते १५ टक्के झाले की ठिणगीने स्फोट होतो. हम्फ्री डेव्हीने १८१५ मध्ये केलेल्या दिव्यात ज्योतीभोवती बारीक जाळी असते. ती उष्णता शोषते, त्यामुळे आग बाहेर पसरत नाही. मिथेन असेल तर बारीक केलेल्या ज्योतीवर फिकट निळी टोपी चढते, आणि तिच्या उंचीवरून जाणकार खाणकामगार प्रमाण ओळखत. उघड्या खाणीत वायू वाऱ्याबरोबर निघून जातो, म्हणून तिथे हा धोका फार कमी. पुढील प्रकरणातील भुयारी खाणीचे वर्णन वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा. — संपादक