दयेची जात

मेढ्याच्या बाजारपेठेंत गतवर्षीं एक कारवानी कुत्री बेवारशी सांपडली. मुक्या जनावरांस आसरा देणारे गृहस्थ म्हणाले, जो प्रेमानें पाळील त्याच्या स्वाधीन ती करावी. जातिवंत श्वानांचे कैवारी म्हणाले, तिचें कुळ व तिची धांव जाणणाऱ्यासच ती मिळाली पाहिजे. उभय पक्ष दयाळू. तरी वाद विकोपास गेला, आणि तोंवर कुत्री दाव्यालाच बांधलेली राहिली. वाद क्षुल्लक दिसतो, पण त्याचीं मुळें जुनीं आहेत.

सन १८३२ च्या जून महिन्यांत भटकीं कुत्रीं मारण्याच्या सरकारी मोहिमेमुळें मुंबईचा पारशी समाज खवळला. इतर धर्मांचे लोकही त्यांस मिळाले, दुकानें बंद पडलीं, आणि लष्कर बोलवावें लागलें. पुढें सन १८३४ मध्यें जमशेटजी जिजीभाई व अमीचंद शहा यांनीं मुंबईची पांजरपोळ स्थापन केली. तेथील दया जात विचारीत नसे. भटक्या कुत्र्यांस मारूं नये हें तत्त्व कायद्यानें स्वीकारावयास मात्र सन २००१ चे नियम यावे लागले.

दुसरी परंपरा मुधोळची. राजे मालोजीराव घोरपडे यांनीं दख्खनी शिकारी कुत्र्यांची निपज आस्थेनें करविली व बादशहा पंचम जॉर्ज यांस एक जोडी नजर केली. विलायती कुत्र्यांच्या मोहांत देशी वाण टिकलें, तें अशाच चोखंदळपणामुळें.

लंडनमध्येंही हेंच घडलें. सन १८६० मध्यें मेरी टील्बी या बाईनें बेवारशी कुत्र्यांसाठीं आश्रय उघडला. अवघ्या तेरा वर्षांनीं वंशावळी जपणारा केनेल क्लब निघाला.

आश्रयवाल्यांची तक्रार अशी, कीं वंशप्रेमी देखणीं कुत्रीं उचलतात आणि म्हातारीं, लंगडीं, गांवठी मागें ठेवतात. वंशप्रेमींची तक्रार अशी, कीं धांवणारें जनावर दोन खोल्यांत कोंडलें, तर महिन्याभरांत तें परत येतें. आमच्या मतें दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. परंतु ज्ञानाचा उपयोग योग्य घर निवडण्यास व्हावा, घराचें दार लावण्यास नव्हे. माणसांत जातीनें काय केलें हें पाहिलेल्या आपल्या समाजानें तरी हा भेद ओळखावा.

अखेरीस त्या कुत्रीस एका मेंढपाळानें नेलें. कुळाचा दाखला त्यानें मागितला नाहीं. डोंगरउतारावरची तिची धांव पाहून त्याचें समाधान झालें होतें.